कंपनीतून ट्रस्टच्या प्रमुखपदी जाताना: राजीनाम्याआधी काय तपासावं

मकरपुऱ्यातल्या कारखान्याचं उपाध्यक्षपद सोडून बडोद्यातल्याच एका जुन्या ट्रस्टचा (दवाखाना आणि वसतिगृह) कारभार हाती घ्यायचा, तर तयारी कशी करावी, असं तुम्ही विचारलंय. नेतृत्वाचे कोर्स राहू द्या. आधी कागद मागा.

ट्रस्ट डीड (स्थापनेचा दस्त), पी.टी.आर.चा (सार्वजनिक विश्वस्त नोंदवहीचा) ताजा उतारा, तीन वर्षांचे ऑडिट अहवाल आणि सभांचं प्रोसिडिंग बुक. उताऱ्यावरची नावं आणि सभेला बसणारी माणसं तीच आहेत ना, ते जुळवून बघा. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. जुन्या संस्थांत तो राहून जातो, वारलेल्यांची नावं तशीच असतात. मग बँक सह्या बदलून देत नाही आणि एखादा नाराज विश्वस्त तुमच्या चांगल्या ठरावालाही आव्हान देतो.

खरी गफलत पैशात होते. ताळेबंदात दोन कोटी दिसले म्हणजे ते तुमच्या हाताशी आहेत असं नव्हे. कॉर्पसला (कायम राखून ठेवायच्या मूळ निधीला) हात लावता येत नाही, ठरावीक कामासाठी आलेली देणगी त्याच कामाला जाते. उरेल त्याला महिन्याच्या खर्चाने भागा. सहा महिन्यांपेक्षा कमी निघत असेल, तर तुमचं पहिलं वर्ष पगाराची जुळवाजुळव करण्यातच जाणार. उलट नफा साठवायची कंपनीतली सवयही इथे अडते: आयकराची सूट हवी तर उत्पन्नाचे ८५ टक्के संस्थेच्या उद्देशांवर खर्च व्हावे लागतात. जास्त शिल्लक ठेवायची तर कारण लिहून ठराव करायचा, फॉर्म मुदतीत भरायचा आणि ती रक्कम पाच वर्षांत त्याच कारणासाठी वापरायची.

तुम्हाला बोलावलंय ते बहुधा सी.एस.आर.साठी, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चातला पैसा आणण्यासाठी, हे मनात असू द्या. हा पैसा घ्यायला लागणारा सी.एस.आर.-१ नोंदणी क्रमांक संस्थेकडे आहे का बघा. मार्चमध्ये कंपन्यांना खर्च उरकायची घाई असते आणि त्या यंत्रं द्यायला तयार होतात. डायलिसिस मशीन फुकट मिळतं, पण चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं. वर आर.ओ. प्लांट, टेक्निशियन, देखभाल करार. हा चालू खर्च तीन वर्षांसाठी प्रस्तावातच मागा. नाही म्हणाले तर मशीनही घेऊ नका.

परदेशातल्या देणगीदारांच्या बाबतीत पासपोर्ट बघा. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून दिलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. अमेरिकन नागरिक झालेल्या पटेलभाईंचे ठरतात. त्यासाठी एफ.सी.आर.ए. (विदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी हवी, पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत, आणि त्यातले २० टक्क्यांपर्यंतच प्रशासनावर खर्च करता येतात.

रावपुऱ्यात ट्रस्टची इमारत असेल तर ती भाड्याने देऊन उत्पन्न वाढवायची कल्पना सुचणारच. विक्री, गहाण किंवा तीन वर्षांपेक्षा मोठा भाडेपट्टा, काहीही करायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी घ्या.

आणि स्वतःचं बघा. विश्वस्तही व्हा असा आग्रह झाला, तर विश्वस्ताने पगार घ्यायला डीडमध्ये मुभा आहे का, ते आधी तपासा. किती रकमेपर्यंत एकट्याची सही चालेल, नेमणुका कोण करणार, हे ठरावात लिहून घ्या आणि त्या ठरावाची सहीशिक्क्याची नक्कल हातात पडल्यावरच कंपनीत राजीनामा द्या.