रुमॅटिक हार्ट डिसीजमध्ये त्रास थांबल्यावर दर २१ दिवसांचं पेनिसिलीनचं इंजेक्शन बंद करता येतं का?

नाही. या आजारात घशाच्या संसर्गानंतर ताप येतो आणि हृदयाची झडप खराब होते. तुमचा भाऊ १७ वर्षांचा, झडपेत दोष निघालेला, आणि आता बरा दिसतोय म्हणून घरचे 'बास झालं' म्हणतायत. हेच आमच्या घरात झालं, म्हणून लिहितोय.

धाकट्या बहिणीला शाळेत असताना आधी घसा, मग ताप, मग सांधे. आज गुडघा सुजला की उद्या घोटा. सांधे बरे झाले, मायट्रल (हृदयाच्या डाव्या बाजूची) झडप मात्र बिघडली ती बिघडलीच. पेनिसिलीन सुरू झालं. सिस्टर पांढरी पावडर पाण्यात मिसळून बाटली तळहातांत घोळवायच्या आणि जाड सुईनं कमरेत द्यायच्या. मध्येच सुई तुंबली की पुन्हा टोचणं आलं. नंतर ती लंगडायची, पण स्वतःहून तिनं कधी चुकवलं नाही. बंद केलं ते काकांनी. स्थळं यायला लागली तेव्हा म्हणाले, "धडधाकट पोरीला सुया कशाला? लोक काय म्हणतील?" आई आणि मी भांडलो, पण घरात शब्द त्यांचाच चालायचा.

लग्नानंतर दिवस गेले आणि तिला आडवं झोपता येईना. रात्रभर उशीला टेकून बसायची, खोकला थांबायचा नाही. गरोदरपणात रक्त जवळजवळ दीडपट होतं. अरुंद झडपेतून ते पुढे सरकत नाही, फुफ्फुसात तुंबतं. पोटात बाळ असतानाच फुगा घालून झडप रुंद करावी लागली. दोघं वाचली. काका म्हणाले, "नशिबात होतं." कसलं नशीब? इंजेक्शन बंद असताना तोच सांध्यांचा ताप पुन्हा उलटला होता, आणि प्रत्येक वेळी झडप आणखी आखडते.

पेनिसिलीन झडप दुरुस्त करत नाही. ते घशात स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू बसू देत नाही, कारण त्याच्याशी लढताना शरीर स्वतःच्याच झडपेवर उलटतं. भाऊ बरा आहे तो त्यामुळेच. झडपेत दोष उरला असेल तर साधारण चाळिशीपर्यंत चालू ठेवतात, कधी त्यापुढेही. श्रीमंत देशांत हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला, आपल्याकडे तरणीताठी पोरं अजून यानं जातात.

हां, झडप फारच खराब असेल किंवा पेनिसिलीनची ॲलर्जी असेल तर गोळ्या देतात. ते कार्डिओलॉजिस्ट ठरवतील, घरातले वडीलधारे नाही. बंद करा म्हणणाऱ्याला पुढच्या इकोला (हृदयाच्या सोनोग्राफीला) सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर तेच बोलायला सांगा.