जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं का?

प्रश्न: आमच्याकडे सगळे म्हणतात जवळा म्हणजे बारकी कोळंबीच, मोठी व्हायच्या आत पकडलेली. खरंय का?

उत्तर: नाही हो, जवळा वेगळाच, पूर्ण वाढला तरी ३-४ सेंटिमीटरच. आपल्याकडचा मुख्य जवळा म्हणजे असेटिस इंडिकस (हे त्याचं शास्त्रीय नाव), मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३० मध्ये नोंदवलेला. ओळखायचं तर ताजा जवळा भिंगाखाली धरा आणि पाय मोजा, कोळंबीला चालायच्या पायांच्या ५ जोड्या असतात, याला फक्त ३, शेवटच्या २ नसतातच (सुक्या जवळ्यात पाय तुटतात, तिथे मोजण्यात अर्थ नाही). त्याच्याच भाईबंद जाती वेगळ्या काढायला मात्र मायक्रोस्कोप लागतो, नराचे प्रजननाचे अवयव आणि मिशा बघाव्या लागतात. आणि क्रिल (जवळ्यासारखाच दिसणारा बारका समुद्री जीव) म्हणाल तर तो गटच निराळा, त्याचे कल्ले उघडे दिसतात.