शब्द सुचत नसतील तर
पोरी, नवऱ्याच्या आजारपणात प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत म्हणालीस. नकोत सुचायला. आमचं खानापूरकडचं कापणीला आलेलं भात पावसात कुजलं, त्याच साली आई गेली. तेव्हा मी चुलीपुढं बसून ‘प्रभू, इथंच थांब’ एवढंच म्हणायचे. दुःख हटलं नाही, पण एकटेपण गेलं. आनंद म्हणतात तो हाच गं, हसरा चेहरा नव्हे. बायबलातले येशूचे प्रचारक पौल आणि सीला फिलिप्पै शहराच्या तुरुंगात फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना मध्यरात्री गात होते. बेड्या अजून सुटल्या नव्हत्या, हे बघ. बायबलातलं स्तोत्र ४२ रोज मोठ्यानं वाच, त्यात रडणंही आहे. नवऱ्याची औषधं मात्र चुकवू नकोस. रविवारी उपासनेला ये, माझ्या शेजारी बस.