चांदणी पिळवटते, पॉइन्सेटिया लाल होत नाही : नाताळच्या सजावटीबद्दल वाचकांचे प्रश्न

नाताळच्या सजावटीबद्दल सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक पोटप्रश्न होताच : ‘हे शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, आहे का?’ म्हणून शास्त्रात काय लिहिलंय आणि रूढीनं काय आलं, हे जिथल्या तिथे वेगळं करून सांगितलं आहे.

प्रश्न : दर वर्षी घरी कामट्यांची चांदणी करतो. एक टोक लांब, एक आखूड होतं आणि टांगल्यावर ती पिळवटलेली दिसते. काय चुकतं? आणि चांदणीला टोकं पाचच का? (मिरज)

आधी टोकांचं. मागी लोकांना (येशूच्या दर्शनाला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना) पूर्वेकडे तारा दिसला, तो त्यांच्यापुढे चालला आणि बालक होतं त्या जागेवर येऊन थांबला, एवढंच शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयानं सांगितलंय. ताऱ्याचा आकार कुठेच दिलेला नाही. जर्मनीतल्या मोरावियन पंथाच्या निस्की इथल्या शाळेत 1830 च्या दशकात भूमिती शिकवताना मुलांकडून कागदी तारे करून घेत. त्यातूनच पुढे हर्नहुटचा तारा प्रसिद्ध झाला, आणि त्याला तब्बल 25 टोकं असतात! आपल्याकडे पाच टोकं सोयीची, कारण पाच कामट्या एकमेकींत गुंतवल्या की तारा उभा राहतो, वेगळी चौकट लागत नाही.

आता मोजमाप. टोकं लहानमोठी होतात कारण कामट्या अंदाजानं एकमेकींवर टाकल्या जातात. 60 सेंटिमीटरच्या दहा कामट्या घ्या, रुंदी साधारण एक सेंटिमीटर, जाडी तीन मिलिमीटर. प्रत्येकीवर दोन्ही टोकांपासून 23 सेंटिमीटरवर पेन्सिलीनं खूण करा. मधे 14 सेंटिमीटर उरतील. पाच कामट्यांचा तारा जुळवताना खुणेवर खूण आलीच पाहिजे. तशी आली की पाचही टोकं आपोआप सारखी होतात. कामटी एका फुलीवर वरून घेतली तर पुढच्या फुलीवर खालून घ्या आणि प्रत्येक फुली दोऱ्यानं आवळा. असे दोन तारे तयार करा.

दोन्ही तारे एकावर एक ठेवून फक्त पाच टोकं बांधायची. मग आतल्या पाच फुल्यांमध्ये 12 सेंटिमीटरच्या पाच काड्या उभ्या अडकवायच्या, म्हणजे चांदणीला पोट येतं. पिळवटते ती इथे. काड्यांपैकी एखादी अर्धा सेंटिमीटरनं जरी लांब असली किंवा पुढची फुली मागच्या फुलीच्या बरोबर समोर नसली, तर सगळा सांगाडा एका अंगाला वळतो. कामटी वाकवताना सालीची बाजू बाहेर ठेवा. गराची बाजू बाहेर आली की तिथे चिरते. बुरुडाकडून आणलेल्या कामट्या ओल्या असतील तर चार दिवस सावलीत वाळवा. ओल्याच बांधल्या तर वाळताना आकसतात आणि गाठी सैल पडतात.

पतंगी कागदाचे चार ताव पुरतात. पुढचे पाच त्रिकोण आणि मधला पंचकोन, मागचे पाच त्रिकोण आणि बाजूचे दहा अरुंद त्रिकोण असे 21 तुकडे होतात. मागचा पंचकोन दिव्यासाठी उघडा ठेवायचा. दोन चमचे मैदा एक कप पाण्यात शिजवून केलेली खळ पातळ लावा. जाड लागली तर कागदाला सुरकुत्या पडतात. डिसेंबरात पहाटे दव पडतं तेव्हा कागद ढिला होतो आणि उन्हं आल्यावर पुन्हा ताणतो. तो सैल पडला म्हणून वरून पाणी शिंपडू नका, पतंगी कागदाचा रंग उतरतो. दिवा तीन वॅटचा एलईडीच लावा. पोटात जागा थोडी असते, जुना पिवळा बल्ब कागद करपवतो.

प्रश्न : नाताळ हा शब्द कुठला? आणि तारीख 25 डिसेंबरच का? (पलूस)

शब्द पोर्तुगीज, ‘नाताल’. मूळ लॅटिन, अर्थ जन्माचा. शुभवर्तमानात जन्माची तारीख नाही. रोममधल्या इसवी सन 354 च्या एका पंचांगवजा संग्रहात 25 डिसेंबरची नोंद मिळते. एक मत असं, की सम्राट ऑरेलियननं 274 मध्ये प्रतिष्ठा दिलेल्या सूर्यदेवाच्या सणाच्या जागी ही तारीख आली. दुसरं मत, येशूची आई मरिया हिला तो होणार असल्याचा देवदूताचा संदेश मिळाल्याचा दिवस 25 मार्च धरून पुढे नऊ महिने मोजले. अभ्यासकांमध्ये दोन्ही मतांचे लोक आहेत. आर्मेनियन चर्च आजही जन्माचा सण 6 जानेवारीला पाळतं. रशियात जुन्या ज्युलियन पंचांगाचा 25 डिसेंबर आपल्या 7 जानेवारीला येतो.

प्रश्न : गोठ्याचा देखावा करतो. त्यात कोण कोण असावं, कधी ठेवावं? शेत हिरवं कसं करायचं? (वाई)

शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकच्या वर्णनात उतारशाळेत जागा नव्हती आणि बालकाला बाळंत्यानं गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, एवढंच येतं. गोठा हा शब्दसुद्धा नाही, गव्हाणीवरून आपण तो धरतो. मेंढपाळ लूककडचे, मागी लोक मत्तयाकडचे. मत्तय तर मागी ‘घरात’ गेले असं सांगतो आणि ते किती होते हेही सांगत नाही. सोनं, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून ते तिघे मानले गेले. बैल आणि गाढव बायबलाच्या जुन्या करारातल्या यशयाच्या ग्रंथातून आले. बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव मालकाची गव्हाण ओळखतं, असं वचन तिथे आहे. 1223 मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसनं इटलीतल्या ग्रेचो गावी गवतानं भरलेली गव्हाणी मांडून तिच्याजवळ जिवंत बैल आणि गाढव उभं केलं, तिथून ही मांडणी लोकांच्या मनात बसली.

क्रम असा ठेवा : गोठा, जनावरं, मरिया आणि योसेफ आधी. गव्हाणी 24 तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी. बाळ मध्यरात्रीच्या उपासनेनंतर. मागी लोक खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रोज थोडे पुढे सरकवत 6 जानेवारीला पोचवायचे. मुलांना हा प्रवास फार आवडतो, आणि रिकाम्या गव्हाणीकडे बघत वाट पाहण्यातच आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळाचा, खरा अर्थ आहे.

छप्पर ज्वारीच्या कडब्याचं छान दिसतं. हिरवळीसाठी दिवाळीच्या किल्ल्यावरची युक्तीच चालते : हळीव. दोन सेंटिमीटर बारीक माती पसरून ओली करा आणि हळीव कोरडाच विरळ भुरभुरा. भिजवला तर बुळबुळीत होऊन गोळे बनतात आणि एकाच जागी उगवतो. 17 तारखेला पेरला तर 24 ला चार-पाच सेंटिमीटर हिरवळ मिळते. ओतून पाणी घातलं की रोपं आडवी होतात, म्हणून फवाऱ्यानं द्या. गहू हवा असेल तर आठ तास भिजवून घटाच्या धान्यासारखा दहा दिवस आधी पेरा. कडब्याजवळ पणती किंवा मेणबत्ती मात्र अजिबात नको.

प्रश्न : अंगणातला पॉइन्सेटिया जोमानं वाढलाय, पण हिरवागार. दोन घरं सोडून एकांचा लालभडक झालाय. खत कमी पडतंय का? (कराड)

खताचा दोष नाही, अंगणातल्या दिव्याचा आहे. हे झाड रात्र मोजतं. सलग बारा तासांहून अधिक गडद अंधार रोज, आठ-दहा आठवडे मिळाला तरच त्याची वरची पानं लाल होतात. 23 सप्टेंबरनंतर आपल्याकडे रात्र दिवसापेक्षा मोठी होत जाते, त्यामुळे उघड्यावरचं झाड आपोआप रंगतं. पण रस्त्यावरच्या दिव्याचा किंवा रात्रभर जळणाऱ्या पोर्चच्या बल्बचा उजेड त्यावर पडला की झाडाच्या लेखी रात्र होतच नाही. झाड नीट बघा : दिव्याकडची बाजू हिरवी आणि पाठीमागची थोडी तांबूस असेल, तर निदान पक्कं.

या नाताळला आता उपाय नाही, आठवडे हातात नाहीत. पुढच्या वर्षासाठी असं करा. मार्च-एप्रिलमध्ये फांद्या जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा. पावसाळ्यात शेंडे खुडून झाड भरगच्च करा, पण सप्टेंबरच्या मध्यानंतर कात्री लावू नका, जे खुडाल तिथला रंग जाईल. 1 ऑक्टोबरपासून कुंडी असेल तर संध्याकाळी पाच ते सकाळी आठ जाड पुठ्ठ्याच्या खोक्यानं झाका आणि दिवसा भरपूर ऊन द्या. जमिनीतल्या झाडाला दिव्याच्या बाजूनं काळ्या ताडपत्रीचा आडोसा लावा किंवा सरळ तो दिवा बंद ठेवा. एखाद दिवशी मधरात्री दिवा लावला तरी त्या रात्रीचा हिशेब बिघडतो. या काळात युरियाही बंद, नाहीतर नुसती हिरवी पानंच फोफावतात. फांदी तोडल्यावर येणारा पांढरा चीक त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतो. हात लगेच धुवा.

लाल दिसतात ती पाकळ्या नव्हेत, पानं आहेत. खरी फुलं म्हणजे मधले पिवळे मणी. झाड मूळचं मेक्सिकोचं, तिथे त्याला नाताळच्या आदल्या रात्रीचं फूल म्हणतात. अमेरिकेचे तिथले राजदूत जोएल पॉइन्सेट यांनी 1820 च्या दशकात ते आपल्या देशात पाठवलं, म्हणून हे नाव. पानांची मांडणी ताऱ्यासारखी आणि लाल रंग ख्रिस्ताच्या रक्ताचा, हा अर्थ भाविकांनी नंतर लावला.

प्रश्न : नाताळच्या झाडाला गोळेच का लावतात? आणि इथल्या हवेत कुठलं झाड घ्यावं? (सांगली)

मध्ययुगीन जर्मन प्रदेशात 24 डिसेंबर हा आदाम-हव्वेचा दिवस. त्या दिवशीच्या नाटकात सफरचंदं लावलेलं सूचिपर्णी झाड एदेन बागेतलं झाड म्हणून उभं करत. स्ट्रासबुर्गमधल्या 1605 च्या नोंदीत घरातल्या झाडांवर कागदी गुलाब, सफरचंदं, पापडासारख्या पातळ पोळ्या आणि साखरेचे पदार्थ टांगल्याचं वर्णन आहे. पुढे थुरिंगियातल्या लाउशा गावच्या काच फुंकणाऱ्यांनी काचेचे गोळे केले. तेव्हा लाल गोळा म्हणजे मुळात सफरचंद. विजेचे दिवे 1882 चे : न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड जॉन्सन यांनी 80 बल्ब झाडावर लावले.

नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतो तो आरोकेरिया. सांगलीच्या दुपारच्या उन्हात त्याच्या खालच्या फांद्या तपकिरी पडतात, आणि गेलेली फांदी पुन्हा फुटत नाही. सकाळचं ऊन आणि दुपारी सावली अशी जागा द्या. शेंडा कधीही खुडू नका, झाडाचा आकार कायमचा जातो. फांद्या नाजूक असतात, त्यामुळे कागदाच्या किंवा थर्माकोलच्या हलक्या वस्तूच लावा. काही घरांत सुरूची फांदी आणतात. तीही सुंदर दिसते. संध्याकाळी तोडा, बुंध्याला तिरका काप द्या आणि ओल्या वाळूच्या बादलीत रोवून वाळू रोज ओली ठेवा. कोरड्या वाळूत फांदी तीन-चार दिवसांत सुकून झडू लागते.

प्रश्न : सांताला लाल कपडे कोका-कोलानं दिले, हे खरं का? (विटा)

नाही. कंपनीच्या त्या गाजलेल्या जाहिराती 1931 पासूनच्या. लाल पोशाखातला सांता त्याआधीच कार्डांवर आणि मासिकांत होता. मूळ पुरुष संत निकोलस, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा चौथ्या शतकातला बिशप. त्याचा सण 6 डिसेंबरला. डच लोकांच्या ‘सिंटरक्लास’वरून सांताक्लॉज झालं.

प्रश्न : आमच्याकडे नाताळला करंज्या, शंकरपाळे, चकल्या असतात. पाहुणे म्हणतात, हा तर दिवाळीचा फराळ. काय सांगावं? (सातारा)

नाताळचाही फराळच, असं नि:संकोच सांगा. घाटावरच्या मराठी ख्रिस्ती घरांत सणाचा पदार्थ म्हणजे करंजी-लाडू, आणि त्यात शास्त्राला बाधा येणारं काही नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन उपासनेत आणलं ते याच जाणिवेतून. 1917 मध्ये मिशनचं काम सोडून ते साताऱ्याला राहिले आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला. 1919 मध्ये ते वारले. त्यांची भजनं आजही म्हटली जातात.

प्रश्न : घरच्या बेदाण्याचा प्लम केक करते, पण बेदाणे तळाला बसतात. आणि प्लम कुठे असतो त्यात? (तासगाव)

जुन्या इंग्रजीत बेदाणे-मनुकांनाही प्लम म्हणत, त्यामुळे तुमचाच केक नावाला जास्त खरा! बेदाणे ओले असले, मिश्रण पातळ असलं किंवा बेकिंग पावडर जास्त झाली की ते खाली बसतात. मैदा, लोणी, साखर प्रत्येकी 250 ग्रॅम, अंडी चार, सुका मेवा 400 ग्रॅम असं प्रमाण ठेवा. भिजवलेला मेवा निथळून, टिपून, त्याच मैद्यातल्या दोन चमच्यांत घोळवा. मिश्रण चमच्यावरून धारेनं न पडता गोळ्यानं पडलं पाहिजे. 150 अंशांवर सुमारे दोन तास. आच वाढवली तर वरचे बेदाणे करपून कडू होतात. संत्र्याच्या रसात भिजवत असाल तर फ्रिजमध्ये आणि दोनच दिवस, बाहेर रस आंबतो.

प्रश्न : आगमनकाळाच्या चक्रात गुलाबी मेणबत्ती कधी लावायची? (फलटण)

पाल्याच्या या चक्रात आगमनकाळाच्या दर रविवारी एक अशा चार मेणबत्त्या लावतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारी. जांभळा रंग पश्चात्तापाचा, गुलाबी आनंदाचा. मधली पांढरी नाताळला. हे चक्र योहान विखर्न यांनी 1839 मध्ये हँबुर्गच्या अनाथ मुलांसाठी गाडीच्या चाकावर सुरू केलं, रविवारच्या चार मोठ्या आणि इतर दिवसांच्या वीस लहान मेणबत्त्या लावून. पहिली मेणबत्ती चारही आठवडे जळते, म्हणून एका वेळी पंधरा-वीस मिनिटंच ठेवा. भोवतीचा पाला दर रविवारी बदला, वाळलेला पाला पटकन पेट घेतो.

प्रश्न : सजावट कधी उतरवायची? (जत)

नाताळचे बारा दिवस 5 जानेवारीला पुरे होतात आणि 6 तारखेला मागी लोकांच्या भेटीचा सण येतो. तो झाला की उतरवा. चांदणीचा कागद फाडून टाका, आतल्या पाच काड्या काढल्या की सांगाडा सपाट होतो. कामट्यांना कडुनिंबाच्या तेलाचा हात फिरवून माळ्यावर आडवा ठेवा. भिंतीला टेकवून उभा ठेवलात तर वर्षभरात एका बाजूला बाक येतो आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा तीच पिळवटलेली चांदणी हाती येते.