इस्तंबूलच्या चर्चमध्ये जाऊ का?

प्रश्न : ताई, मी माहीमची, दर बुधवारी तिथल्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाते. आता इस्तंबूलला चाललोय, तिकडे चर्चमध्ये आत सोडतात का?

उत्तर : अगं बिनधास्त जा! इस्तिकलाल रस्त्यावर सेंट अँटनीचं चर्च आहे, १९१२ मध्ये पूर्ण झालेलं, लाल विटांचं, गेटातून शिरलं की आधी अंगण लागतं आणि रस्त्याचा गोंगाट एकदम मागे पडतो. पुढे पोप झालेले तेविसावे जॉन तुर्कस्तानात व्हॅटिकनचे प्रतिनिधी असताना इथे प्रवचन द्यायचे, अंगणात त्यांचा पुतळाय. मला सगळ्यात भावलं म्हणजे मुसलमान बायकाही येऊन मेणबत्ती लावतात, अगदी आपल्या माहीमच्या चर्चला सगळ्या धर्मांचे येतात ना तसंच. खांदे-गुडघे झाकलेले कपडे घाल, मिस्सा म्हणजे सामूहिक प्रार्थना चालू असेल तर फोटो नको, मागच्या बाकावर शांत बस.