दिवाळं निघालं म्हणून दिवाळखोर?

परळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. संध्याकाळी त्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला जातात. तिथे सध्या पैशांवरचे फ्रेझल व्हर्ब, म्हणजे जोड क्रियापदं, चालू आहेत: गेट बाय, गो अंडर, वाइंड अप, टाइड ओव्हर, स्प्लॅश आउट. सरांनी 'गो अंडर' आणि 'गो ब्रोक' या दोन्हींपुढे 'दिवाळखोर होणे' असं लिहून दिलं. ते बरोबर का, आणि बाकीच्यांना मराठीत काय म्हणायचं?

बरोबर नाही. आणि हे 'दिवाळखोर' आता जिथे तिथे कानावर येतं. महिन्याच्या पंचवीस तारखेला लोकलच्या दारात उभी असलेली पोरं 'मी दिवाळखोर झालो' म्हणतात. तेवढं एक वेळ सोडून देऊ. पण कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला बातमीत दिवाळखोर म्हटलेलं ऐकलं की माझा संताप होतो. या शब्दाच्या शेवटी 'खोर' आहे. लाचखोर, भांडखोर, चुगलखोर, नफेखोर यांच्यातला हा फारसी 'खोर' म्हणजे खाणारा. मराठीत तो ज्याला लागतो त्याला ती खोड आहे असा आरोप होतो. ज्याची दोन पिकं पावसात गेली, त्याला कसली खोड?

'गो अंडर'ला मराठीत सरळ 'बुडणे' आहे. पाण्याखाली जाणं, तेच चित्र. आणि आपलं क्रियापद इंग्रजीपेक्षा जास्त कामाचं आहे, कारण दोष कुणाचा हे ते सांगतं. बँक बुडाली, ठेवीदार बुडाले, संचालकांनी पैसे बुडवले. एका 'व'ने जबाबदारी ठरते.

'ब्रोक' म्हणजे मुळात मोडलेला. शेक्सपिअरच्या काळात व्यापारी बुडाला की तो 'मोडला' असं इंग्रजीत म्हणत. 'बँकरप्ट'च्या मुळाशी इटालियन 'बांका रोत्ता' आहे, म्हणजे मोडलेला बाक. सराफ ज्या बाकावर बसून व्यवहार करायचा तो बाक. आपल्याकडे मात्र मोडण्यात नामुष्की नाही. आपण शंभराची नोट मोडतो, मुदत ठेव मोडतो, मुलीच्या फीसाठी पाटल्या मोडतो. मोडणं म्हणजे असलेलं वापरात आणणं. म्हणून 'ब्रोक'ला 'मोडलो' चालणार नाही. 'खिसा रिकामा आहे' किंवा 'कडकी आहे' म्हणा.

आता 'दिवाळं'. माझ्या मते पैशाच्या व्यवहारातला हा मराठीतला सगळ्यात सुंदर शब्द आहे आणि आपण त्याची पार माती केली आहे. ड्रमंड नावाच्या साहेबाने गुजराती आणि मराठी व्याकरणावरचं एक इंग्रजी पुस्तक १८०८ साली मुंबईत छापलं. त्यात या शब्दाखाली एक रिवाज नोंदवला आहे. व्यापारी बुडत चालला किंवा बुडालाच, की तो घरात, दुकानात किंवा पेढीवर झगझगीत दिवा लावून ठेवतो आणि काही काळ नाहीसा होतो. हिशेब उघड होऊन किंवा शिल्लक वाटली जाऊन घेणेकऱ्यांचं समाधान होईपर्यंत तो परतत नाही. १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाने हा उतारा घेतला, पण व्युत्पत्ती वादग्रस्त आहे अशी शंकेची पुडी सोडून. मला ही शंका पटत नाही. दिवा कानाला ऐकू येतोय, रिवाज ज्याने नोंदवला तो याच शहरात पुस्तक छापत होता, आणि आपलं क्रियापद साक्षीला उभं आहे. दिवाळं 'निघतं', व्यापारी दिवाळं 'काढतो'. आपण काय काढतो? वरात काढतो, पालखी काढतो, रांगोळी काढतो. चारचौघांनी बघावं म्हणून जे करायचं ते काढायचं. 'दिवाळं वाजलं'मधलं वाजणं मी नंतरचं मानतो. बोभाटा झाल्यावर ते चिकटलं असावं.

दिवाळीत उधळपट्टी होते म्हणून दिवाळं, असं छातीठोक सांगणारे शिक्षक मला भेटले आहेत. त्यांनी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी काळबादेवीच्या एखाद्या पेढीवर जाऊन उभं राहावं. तिथे नवी वही उघडतात, पहिल्या पानावर कुंकवाने 'श्री' काढतात. दिवाळीचा दिवा नव्या खात्याचा, दिवाळ्याचा दिवा जुनं खातं मिटवण्याचा. दोन्ही दिवे वहीजवळचेच आहेत. उधळपट्टीचा इथे संबंध येतोच कुठे?

माझं म्हणणं असं: दिवाळं काढणारा माणूस तोंड लपवतो खरा, पण दिवा लावून जातो. या, वह्या बघा, जे आहे ते वाटून घ्या, असं तो दिवा सांगतो. याला 'खोर' लावून आपण खोड ठरवली. १ जुलै १८६५ला वायद्यांचा हिशेब भागवायचा दिवस आला आणि कापसाच्या पैशावर फुगलेला मुंबईचा शेअरबाजार कोसळला. त्यात कापूस आणि शेअरचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंदही बुडाले. त्याआधी त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर १८७८ला पूर्ण झाला आणि फोर्टात अजून उभा आहे. त्या माणसाला दिवाळखोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग अशा माणसाला काय म्हणावं? आपल्याकडे 'नादार' आहे. ना-दार, ज्याच्याजवळ नाही तो. आरोप नाही, नुसती नोंद. २०१६च्या कायद्याला मराठी वर्तमानपत्रं 'नादारी व दिवाळखोरी संहिता' म्हणतात, म्हणजे दोन शब्द वेगळे ठेवायची सोय कायद्याच्या नावातच आहे. माझ्याकडे वडिलांचं शाळेचं फीकार्ड आहे, पुठ्ठ्याचं, कडा झिजलेलं. जून ते एप्रिल महिन्यांचे रकाने आणि त्यांच्यावरून तिरक्या निळ्या शाईत एकच शब्द: नादारी. फी माफ. खालच्या वर्गात 'अर्धी नादारी' होती, मग पूर्ण झाली. आजोबांना कुणी दिवाळखोर म्हटलं नाही. ती अर्जावर मिळणारी सवलत होती आणि वडील ते कार्ड सांभाळून ठेवायचे. आज महाविद्यालयातल्या मुलांना 'नादार' विचारलं तर निम्मी मुलं त्याचा अर्थ 'नालायक' सांगतात. हा शब्द मेला तर गरिबाजवळ स्वतःसाठी सभ्य शब्दच उरणार नाही.

बाकीचे पटकन सांगतो. 'वाइंड अप' म्हणजे गुंडाळणे, अगदी शब्दाला शब्द: दोरा गुंडाळतात तशी कंपनी गुंडाळतात. 'गाशा गुंडाळला'मधला गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावरचं आच्छादन. सरकारी मराठीत याला 'अवसायन' आहे, ते कागदावरच राहू द्या. 'गेट बाय' म्हणजे भागणे: 'पगारात भागतं कसंबसं.' वर्गात 'मेक एंड्स मीट' आलं नसेल तर विचारून घ्या, कारण त्याला मराठीत 'तोंडमिळवणी' आहे. जमा आणि खर्च यांची तोंडं जुळवायची. पोत्याला, पिशवीला, रस्त्याला जे तोंड असतं तेच हे. इंग्रजीतही दोन टोकंच जुळवायची असतात.

'टाइड ओव्हर' जहाजावरून आलं. वारा पडला की नुसत्या भरतीच्या जोरावर जहाज पुढे काढायचं. तुमच्या परळच्या घरी पगार लांबला आणि शेजारणीने हजार रुपये दिले, तर 'वेळ निभावली' म्हणा. 'वेळ मारून नेली' नको, त्यात थाप मारल्याचा वास येतो.

'स्प्लॅश आउट' राहिलं. त्याला 'उधळणे' द्यायचा मोह होईल, पण 'उधळणे'त नाश आहे. बैल उधळतो, संसार उधळला जातो. वाढदिवसाला एकदाच महागडी साडी घेतली, तर ते 'हात सैल सोडणं'. वहीत तेच लिहा आणि सरांनी लिहून दिलेलं 'दिवाळखोर' दोन्ही ठिकाणी खोडा.