रात्रीचा वणवा टिपताना आणि विकताना

सोलापूर,
फाल्गुन वद्य

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

माळाला लागलेल्या आगीचे रात्रीचे फोटो काढून वर्तमानपत्रांना द्यायचे तुझ्या मनात आहे, हे वाचून बरं वाटलं. वणवा म्हटलं की लोकांना सह्याद्री आठवतो. नान्नज-मार्डीकडचा माळ पेटला तर "गवतच तर होतं" म्हणून विषय संपतो. त्याच गवतात मार्च-एप्रिलला टिटवी, चंडोल, धाविक या पक्ष्यांची अंडी जमिनीवर असतात आणि काळविटांचा उन्हाळ्याचा चाराही तोच असतो. म्हणून हे फोटो निघाले पाहिजेत आणि छापूनही आले पाहिजेत.

एक गोष्ट मात्र आधी मनात पक्की कर. रात्र आगीला मोठं करून दाखवते. अंधारात मोजमापाला झाड नसतं, घर नसतं. शटर दहा सेकंद उघडं ठेवलं तर त्या वेळात पुढे सरकलेल्या सगळ्या ज्वाळा एकाच फ्रेममध्ये जमा होतात आणि फूटभर उंचीची आग भिंतीसारखी दिसते. २०० मिलिमीटरच्या लेन्सने काढलं तर दोन किलोमीटर मागची वस्ती आगीला चिकटलेली वाटते. आग जेवढी होती तेवढीच फोटोत दिसली पाहिजे, आणि पुढे जे लिहितोय त्यातलं बरंचसं यासाठीच आहे.

पहिला प्रश्न, जळतंय काय? आपल्या जिल्ह्यात रात्री क्षितिजावर लाल दिसलं की दहा शक्यता असतात. ऊसतोड झाल्यावर पेटवलेलं पाचट असतं, बांधावरचं गवत असतं, कचऱ्याचा ढीग असतो, कडब्याची गंज असते. पाचट शेतकरी स्वतः पेटवतो, कडेला माणसं उभी असतात आणि ते फडाच्या चौकटीतच जळतं. त्याचा फोटो "वणवा" म्हणून विकणं ही फसवणूक आहे, मग तो कितीही सुंदर असो. माळाची आग वेगळी ओळखू येते. तिची वाकडीतिकडी बारीक रेघ सरकत असते, मागे काळं पडत जातं, आणि कुसळीचं गवत असेल तर एका जागी ज्वाळा मिनिटभरही टिकत नाही. गंज जळत असेल तर आधी त्या घरच्या माणसाशी बोल. वर्षभराची वैरण गेलेली असते त्याची. तो नको म्हणाला तर कॅमेरा खाली.

आग कुठे आहे हे कळायला नासाची फर्म्स ही उपग्रहांवरून आगी दाखवणारी सेवा फुकट आहे. आपला भाग निवडून ठेवला की ईमेलवर सूचना येते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या सूचनाही अशाच उपग्रहांवरून येतात. पण त्यांच्या मर्यादा समजून घे. उपग्रहावरच्या व्हीआयआयआरएस या उपकरणाचा एक ठिपका साधारण ३७५ मीटर लांबी-रुंदीचा असतो. ठिपका दिसला म्हणजे तेवढं सगळं जळतंय असा अर्थ नाही, त्या चौकोनात कुठेतरी उष्णता आहे एवढंच. शिवाय हे उपग्रह आपल्यावरून दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास जातात. संध्याकाळी सातला पेटून नऊला विझलेली गवताची आग त्यांना दिसतच नाही. गावातला माणूस आणि वनरक्षकाचा फोन यांच्यावरच खरी भिस्त. आणि आग तुलाच आधी दिसली, तर पहिला फोन वनखात्याच्या १९२६ वर किंवा ११२ वर. कॅमेरा त्यानंतर.

आता जिवाचं. हे सावकाश वाच.

आगीला तोंड असतं, दोन बगला असतात आणि शेपूट असतं. वाऱ्याच्या दिशेने पळतं ते तोंड. त्याच्या समोर कधीच उभं राहायचं नाही, अगदी मिनिटभरासाठीही. वाळलेल्या गवतात जोराचा वारा असला तर आग धावत्या माणसाला गाठते. तुळजापूरकडच्या बालाघाटाच्या उतारावर ती वर चढताना आणखी वेग घेते, म्हणून उताराच्या वरच्या बाजूला जागा धरू नकोस. शेपटाकडून किंवा बगलेकडून काम कर, आणि पाठीशी जळून थंड झालेलं काळं रान असू दे. गवताचं काळं लवकर निवतं आणि तीच तुझी सुटकेची जागा. झुडपं, खोडं, शेणाचे ढीग मात्र तासन् तास आत धुमसत असतात, त्यावर पाय नको. अंतराचा हिशेब असा: सपाटीवर, वारा नसताना, ज्वाळेच्या उंचीच्या किमान चौपट लांब. वारा किंवा चढ असला तर त्याहून बरंच जास्त.

एप्रिल-मेमध्ये वळवाचं भय वेगळं. ढग लांब गडगडत असतो, पाऊस आलेला नसतो, आणि अचानक थंड वाऱ्याचा झोत येतो. त्या झोताने बगल क्षणात तोंड होते. वीज चमकताना दिसली आणि वारा पडला, की सामान उचलून गाडीकडे निघ.

आगीपेक्षाही अंधार घात करतो. आपल्या शिवारात कठडा नसलेल्या विहिरी आहेत. धुरात डोळा व्ह्यूफाइंडरला लावून मागे सरकणारा माणूस विहिरीत जाऊ शकतो, म्हणून मागे जायचं झालं तर कॅमेरा खाली घेऊन, वळून, बॅटरी मारून जायचं. आगीपुढे पळणारे घोणस आणि फुरसं तुझ्याच बाजूला येतात. महावितरणच्या तारांखाली दाट धुरात थांबू नकोस. धुरातून विजेचा झोत जमिनीपर्यंत येऊ शकतो.

कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे. जीन्सची पँट, चामड्याचे बूट. ट्रॅकपँट आणि टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतात. एन-९५ मास्क राख आणि बारीक कण अडवतो, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, की तो इशारा समज आणि स्वच्छ हवेत ये. ओला रुमाल तोंडावर बांधून धुरात शिरणं हा नुसता भ्रम आहे. गाडीत एक जाड घोंगडं ठेव, शुद्ध लोकरीचंच आहे ना हे बघून. अडकलास तर गाडीच्या काचेआड अंगावर घ्यायला ते कामाला येतं. गाडी गवतावर लावू नकोस. तापलेल्या सायलेन्सरनं गवत पेटतं आणि मग बातमी तूच होतोस. डांबरावर किंवा नांगरटीवर लाव, तोंड बाहेर जायच्या दिशेला.

अभयारण्याबद्दल स्पष्ट सांगतो. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे आत शिरायला आणि छायाचित्रणालाही परवानगी लागते. आग लागली म्हणून ती अट सुटत नाही. रात्री परवानगीशिवाय कुंपणाच्या आत पाय ठेवू नकोस, बार्शी रस्त्यावरून जे मिळेल ते काढ. ड्रोन तर नकोच. खाली आग विझवणाऱ्यांचं लक्ष वर जातं आणि घाबरलेली जनावरं आणखी बिथरतात.

आता कॅमेरा. सगळं मॅन्युअलवर आणि रॉमध्ये, म्हणजे न दाबलेल्या मूळ फाइलमध्ये. ज्वाळेचं अंग, तिच्या जिभा, आतले केशरी-पिवळे थर दिसायला हवेत तर आयएसओ ८००, एफ २.८, शटर १/५०० इथून सुरुवात कर. आगीच्या उजेडात डहाळ्यांनी गवत झोडपणारे वनमजूर हवेत, तर आयएसओ १६००, एफ २.८, १/१२५, ज्वाळा थोड्या पांढऱ्या पडतील, चेहरे येतील. दोन्ही एका फ्रेममध्ये नीट येणार नाहीत, कोणतं हवं ते आधी ठरव. स्वयंचलित मोजणी अंधार बघून फोटो उजळवते आणि ज्वाळेचा पांढरा ठसा करून ठेवते. एकत्रित हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, इथे फसवतो. आगीत लाल रंग सगळ्यात आधी भरून वाहतो, म्हणून तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू ठेव आणि लाल उजव्या भिंतीला चिकटला की शटरचा वेग वाढव. व्हाइट बॅलन्स ५००० केल्व्हिनच्या आसपास कायम ठेव. ऑटोवर ठेवलास तर आग फिकट होते आणि दर फोटोला रंग बदलतो.

यूव्ही फिल्टर काढून ठेव, हे पुष्कळ जण विसरतात. सपाट काचेवरून ज्वाळांचं उलटं प्रतिबिंब फोटोत येतं, आभाळात हिरवट ठिपके दिसतात, आणि वर्तमानपत्राच्या डेस्कवरचा माणूस विचारतो, "ही दुसरी आग कुठली?" धुरात ऑटोफोकस भिरभिरतो. ज्वाळेच्या कडेवर फोकस धर, लाइव्ह व्ह्यू मोठा करून तपास, मग मॅन्युअलवर टाकून रिंगवर चिकटपट्टी लाव. फ्लॅश अजिबात नको, राखेचे कण पांढरे पांढरे चमकतात. लेन्स माळावर बदलू नकोस. आत गेलेली राख ब्लोअरनेच उडव. कापडाने पुसलीस तर काचेवर ओरखडे. आणि लांब लेन्सने तापलेल्या हवेतून काढलेला फोटो हलल्यासारखा येतो, त्याला कोणतंही शटर उपाय नाही. बाजूला सरकून वारा येतो त्या अंगाला ये, म्हणजे मधली हवा निवळ मिळते.

सगळ्यात प्रामाणिक फोटो मिळतो तो पूर्ण अंधारात नाही, तिन्हीसांजेला. एप्रिलमध्ये आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. त्यानंतरच्या पंधरा ते पंचवीस मिनिटांत आभाळ आणि ज्वाळा यांचा उजेड जवळजवळ जुळतो. आयएसओ ८००, एफ ४, १/३०, कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर), थरथर रोखणारं स्टॅबिलायझेशन बंद. लिंबाचं झाड, विजेचा खांब, टेकडीची कड सगळं दिसतं, आणि वाचणाऱ्याला आगीचं खरं माप कळतं. अंधार झाल्यावर लांबून आगीची रेघ घ्यायची तर एक-दोन सेकंदांच्या पुढे जाऊ नकोस. गेलासच तर कॅप्शनमध्ये शटरचा वेळ लिही.

विकण्याचं आता. जिल्हा आवृत्तीची पानं शहर आवृत्तीच्या आधी सुटतात, म्हणून नऊला काढलेला उत्तम फोटो अकराला पोचून वाया जाऊ शकतो. 'संचार', 'सकाळ', 'लोकमत', 'पुढारी', 'दिव्य मराठी' यांच्या सोलापूर कार्यालयात आग नसतानाच्या दिवशी जा, फोटो कोण बघतं आणि पानं किती वाजता सुटतात ते विचारून वहीत लिही. पीटीआयसारख्या वृत्तसंस्थांचं स्थानिक काम कोण बघतं, तेही. आगीच्या रात्री आधी फोन, मग तीनच फोटो: एक दूरचा, एक माणसांचा, एक ज्वाळेचा जवळून. माळावर नेटवर्क दगा देतं, रस्त्याला येऊन पाठव.

फाइल जेपीईजी, रंगपद्धत एसआरजीबी, लांब बाजू ३००० पिक्सेल. वर्तमानपत्राचं पूर्ण रुंदीचं चित्र साधारण ३३ सेंटीमीटर धरलं, तर २०० डीपीआयला (इंचाला २०० ठिपके) २६०० पिक्सेल लागतात, म्हणजे तेवढ्यात भागतं. व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठव. फोटो म्हणून पाठवलास तर तो दाबला जातो आणि आत भरलेलं तुझं नाव, तारीख, कॅप्शनही जातं. आणखी एक: न्यूजप्रिंटवर शाई पसरते. मोबाइलवर देखणा दिसणारा गडद फोटो सकाळी काळा डाग होऊन येतो. छपाईसाठी सावल्या थोड्या उजळून वेगळी प्रत दे. एवढंच. ज्वाळेचा रंग भडक करणं, धूर वाढवणं, ठिणग्या चिकटवणं यातलं काही नाही.

पैशाचं बोलणं फोटो पाठवण्याआधी, आणि लेखी. ईमेलमध्ये एवढं पुरे: "सोबतचे तीन फोटो एका वेळच्या छापील आणि ऑनलाइन प्रसिद्धीसाठी, छायाचित्रकाराच्या नावासह. मानधन रु. अमुक. इतर हक्क माझ्याकडे." कॉपीराइट अधिनियम, १९५७ प्रमाणे नोकरीत नसलेल्या छायाचित्रकाराने, कोणी पैसे देऊन सांगितलेलं नसताना, स्वतःहून काढलेला फोटो मुळात त्याचाच असतो, आणि हक्क हस्तांतर सहीच्या कागदाशिवाय होत नाही. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून कोणी "सर्व हक्क" असं लिहिलेला कागद पुढे केला तर घरी आणून वाच. एकच फोटो "फक्त तुम्हालाच" म्हणून दोघांना दिलास, तर दोन्ही दारं बंद होतील आणि त्यात तुझीच चूक असेल. बिल त्याच आठवड्यात, पॅन आणि बँक खात्यासह.

कॅप्शनमध्ये गाव, शिवार, वार, वेळ, दिसलेली कृती. "अमुक शिवारातील माळरानाला बुधवारी सायंकाळी लागलेली आग विझवताना वनमजूर." कारण लिहायचं नाही. "कोणी विडी टाकली", "मेंढपाळांनी लावली" हे ऐकलेलं असतं, पाहिलेलं नसतं. एका ओळीने एखाद्या धनगरवाड्यावर बालंट येतं. किती हेक्टर जळलं तेही अंदाजाने नको. सकाळी सातला पुन्हा त्या जागी जा, काळं रान उजेडात काढ, पंचनाम्यातला आकडा वनपालांना विचार आणि दुरुस्त कॅप्शन सगळ्या डेस्कना पाठव. घरटं किंवा अंडी दिसली तर जागेचा उल्लेख आणि फोटोतलं जीपीएस दोन्ही काढून टाक.

येत्या रविवारी दिवसाउजेडी मार्डीच्या बाजूला एक फेरी मार. गाडी लावता येईल अशा तीन जागा, जवळच्या विहिरी, तारा, वनखात्याच्या जाळरेषा (आग अडवायला मोकळे ठेवलेले पट्टे), आणि नेटवर्क कुठे येतं ते कागदावर काढ. पायमोज्यात कुसळं भरतील, घरी आल्यावर आधी ती वेच. तो नकाशा मला दाखव, मग पुढचं बोलू.

तुझा,
काका